लेकरांच्या दवाखान्यात कंस

"वैनी, हे काय लिहायलाव? नुसते कंसच कंस!" सारंगनं खुर्चीमागून मान घालून पडद्यावर बोट ठेवलं.

स्वयंपाकघरातून दगडाबाईंचा आवाज आला, "कंस? देवकीची लेकरं आपटणारा? आन् त्याला लेकरांच्या दवाखान्यात नेणार हाय का ही?"

"आत्याबाई, ह्यो कंस लेकरं आपटत न्हाई, लायनीत बसवतो," असं सासूला सांगून कावेरीनं आणखी दोन कंस मिटले. मांडीवरच्या दोन वर्षांच्या श्रद्धानं तिसरा स्वतः मिटला. तो खोडावा लागला.

कावेरी चुडाव्याची लेक, मानवतची सून, कॉम्प्युटरची पदवी घेतलेली. मागच्या महिन्यात श्रद्धा तापानं फणफणलेली असताना ती दवाखान्याच्या बाकावर ताटकळत बसली, आणि भगवानराव नावाचे गावातले वजनदार गृहस्थ नातवाला घेऊन तिच्या डोळ्यांदेखत सरळ आत गेले. नातवाला काय झालं होतं? दात यायचा होता. श्रद्धाचा ताप उतरला, पण आईच्या डोक्यातला काही उतरेना. तिनं लिस्प नावाच्या, कंसांनीच भरलेल्या कॉम्प्युटरच्या भाषेत एक लहानसा प्रोग्राम लिहायला घेतला. एक खिडकी, तीत मोठ्या अक्षरांत नंबर, नाव, तक्रार. कंपाउंडरनं नाव टाकलं की ते रांगेच्या शेवटी लागणार. खाली एकच बटण, 'पुढचा'.

"लिस्प कोण वापरतंय आजकाल?" सारंग म्हणाला. तो तिचा धाकटा दीर, गावात कॉम्प्युटर क्लास चालवायचा. "माझ्याकडं तयार प्रोग्राम हाय. उगं घोळ घालू नका."

प्रोग्राम दवाखान्यात लावून दाखवायला डॉक्टरांनी कावेरीला एक सकाळ दिली होती. घरात तेवढ्यात ठरूनही गेलं, की हिचं जमलं नाही तर दवाखान्यात सारंगचा प्रोग्राम लागेल आणि घरातला कॉम्प्युटर सारंगच्या क्लासात जाईल.

"न्या की," कावेरी म्हणाली. "आधी हरवा तर खरं."

ठरल्या सकाळी ती पेनड्राइव्ह घेऊन दवाखान्यात पोचली. कडेवर श्रद्धा, मागं सासू, आणि फजिती बघायला सारंग. कंपाउंडर रामकिशननं फाईल उघडायला घेतली, तर पडद्यावर भलीमोठी सूचना.

"वैनी, ह्यो कॉम्प्युटर ओळख न्हाई म्हणायलाय तुमची," रामकिशन म्हणाला.

"मानवतची सून हाय म्हणावं. दाबा 'चालवा'."

"आन् एका बटनाला एवढं मोठं गठुडं?" सारंगनं फाईलचा आकार बघून विचारलं.

"पोटात अख्खं लिस्प हाय, भाऊजी. सासरी निघालेली लेक सगळं घेऊनच निघती."

आणि घात इथंच झाला होता. लिस्पची रीत अशी, की चालू प्रोग्राम जसाच्या तसा, त्या घडीला पोटात जे असेल त्यासकट गोठवायचा आणि त्याची फाईल करायची. लोणचं घालताना बरणीत माशी पडली तर फोडींबरोबर माशीही मुरते. घरी तपासून बघताना खोटी नावं सुचायला सवड कुणाला होती? जो मागून बोलेल त्याचं नाव कावेरी टाकत गेली, आणि पुसायचं विसरून फाईल करून बसली.

बाकांसमोरच्या पडद्यावर खिडकी उघडली. सारंगनं मोठ्या हौसेनं वाचून दाखवलं, "नंबर एक. दगडाबाई. तक्रार, नाक खुपसणे."

बायका तोंडाला पदर लावून हसल्या. कावेरी पुढं धावली. तिनं 'पुढचा' दाबायला हात नेला, तो दगडाबाईंनी वरच्यावर धरला.

"थांब. नाव माझं हाय न्हवं? मग आत मी जाणार."

"आत्याबाई, ते खोटं नाव हाय!"

"खोटं? पंचायतीच्या यादीत हाय माझं नाव. खोटं कसं?"

डॉक्टर दारात आले. घाईघाईनं पडद्यावरच्या तक्रारीचा पहिला शब्द वाचून म्हणाले, "नाक का? कधीपासून, आजी?"

"हिच्या लग्नापासून," दगडाबाई म्हणाल्या, आणि आत जाऊन रक्तदाब मोजून घेऊनच बाहेर आल्या. मग त्यांनी स्वतःच्या हातानं बटण दाबलं.

नंबर दोन. सारंग. तक्रार, फुकटचे सल्ले.

आता हसताना पदर कुणी लावला नाही. "हे चेष्टेचं काम हाय का?" सारंग लालबुंद झाला. "बंद करा आधी!"

रामकिशननं खिडकी बंद करून पुन्हा उघडली. नंबर एक, दगडाबाई. मुरलेली माशी ती, जाते कुठं? बटण दाबून पुन्हा सारंगवर यावं लागलं. मग रामकिशननं बाकांवरच्या लेकरांची नावं एकेक करून मागं टाकली.

तेवढ्यात भगवानराव नातवाला घेऊन आले. "रामकिशन, आमचं बघ रे."

"जी साहेब." रामकिशननं सवयीनं नाव टाकलं. ते गेलं शेवटी. "वैनी, मधी घालायचं बटन कुठाय?"

"न्हाई."

"राहिलं का?"

"राहिलं न्हाई. ठेवलंच न्हाई." कावेरीनं श्रद्धाला दुसऱ्या कडेवर घेतलं. "नावांची चूक माझी हाय, घरी जाऊन दुरुस्त करते. पण ही चूक न्हाई. ते बटन पायजे असंल तर प्रोग्राम काढून टाका. कॉम्प्युटर बी न्या."

सारंगला वाटलं, हाच मोका. तो डॉक्टरांना ऐकू जाईल असं ओरडला, "बघा, अर्धवट काम! माझ्या प्रोग्राममंदी हाय की मधी घालायचं बटन! कुणालाबी, कवाबी, कुठंबी घाला!"

  मग कडेवर पोर घेतलेली एकेक बाई उठून सारंगकडं निघाली.

"कुणालाबी का?"

"आन् आमी काय हितं बाक झिजवायला यायलोत?"

सारंग मागं सरकत सरकत डॉक्टरांच्या खोलीत शिरला आणि त्यानं आतून दार लावून घेतलं.

"गेला बघा आपल्या नंबरानं," दगडाबाई म्हणाल्या.

आतून डॉक्टरांचा आवाज आला, "रामकिशन, वहिनींचाच राहू दे. आणि ह्यांना आधी बाहेर काढ."

भगवानरावांनी इकडंतिकडं पाहिलं. कुणी जागचं हललं नाही. शेवटी दाराजवळच्या बाकावर ते नातवाला घेऊन टेकले. थोड्या वेळानं त्यांनी वर बघितलं, गळ्याचा घाम पुसला आणि दरडावून विचारलं, "रामकिशन, ह्यो पंखा बंद कसा काय?"

"बंदच असतो, साहेब," शेजारची बाई लेकराला पदरानं वारा घालत म्हणाली. "तुमी हितं कवा बसलाव, दिसायला?"