भास्करभाऊंची लाँग टर्म

शेजाऱ्याची अर्धी पुंजी मी एकदा चिंचेने घासून काढली आणि वर शाबासकीची वाट पाहत बसले. तेव्हा मी जेमतेम साठीची, म्हणजे तशी पोरसवदाच. अक्कल यायची होती.

शेजारी म्हणजे आमच्या बोर्डीचे भास्करभाऊ. एसटीतले निवृत्त कंडक्टर. जन्मभर लोकांची घामट चिल्लर ओंजळीने मोजली, पण घरी चांदीची जुनी नाणी काढायची तर शाळेच्या बँडचे पांढरे हातमोजे चढवायचे. राणीच्या छापाचे रुपये, राजाच्या छापाचे रुपये. बघायला गेलं की आधी दम, "हाताळायचं नाही, वहिनी. कडेने धरायचं. श्वास बाजूला सोडायचा."

चांदी उतरली की म्हणत, "घ्यायची वेळ!" चढली की म्हणत, "आत्ता कोण विकतो? लाँग टर्म!" विकायची वेळ काही मी पाहिली नाही. परसात नारळ लावा म्हटलं, तर "फळ धरेपर्यंत मी कुठे असणार?" आणि नाणं मात्र वीस वर्षांच्या हिशेबाने घेणार.

"त्यापेक्षा चांदीचं बिस्कीट घ्या की," मी एकदा म्हटलं.

"बिस्किटाला नुसतं वजन असतं. नाण्याला वजन, दुर्मीळपणा आणि रूप. तिन्हींचे वेगळे पैसे."

रूप कसलं! खाऱ्या हवेने ती नाणी तव्यासारखी काळी पडली होती. पण भाऊ म्हणत, "ते काळेपण नाही, वय आहे." मला त्या व्याख्यानातलं वजन तेवढं समजलं.

त्यांची बायको शारदा होती तोवर दर धनतेरसला त्या घरातून आरडाओरडा ऐकू यायचा. दोघांचं बरं चाललंय म्हणून आम्ही निश्चिंत असायचो. ती गेली आणि घर गप्प झालं. पोरबाळ नव्हतंच. पुढे कौलं फारच गळायला लागली, तेव्हा भाऊंनी मन घट्ट केलं आणि उंबरगावच्या एका गुजराती सराफाला दिवाळीनंतर नाणी बघायला बोलावलं. मधेच मोतीबिंदूसाठी डहाणूला जायचं निघालं. "सांभाळा हं," म्हणून नाण्यांचा डबा माझ्या हाती दिला.

आणि धनतेरस आली. लक्ष्मी माझ्या घरात, आणि तोंड काळं? मला कुठला दम निघतोय! चिंच भिजवली, चुलीतली राख घेतली आणि राजाराणीला असं घासलं की तसं जन्मात कोणी त्यांना न्हाऊ घातलं नसेल. एकेकाला कुंकू लावून ताटात मांडलं. स्वतःवर इतकी खूश होते की शेजारणींना बोलावून दाखवलं.

दिवाळी सरली. भाऊ काळा चष्मा लावून आले, मागून सराफ आला. मी थाटात ताट पुढे केलं.

"माजी, आ शुं कर्युं?" सराफाने कपाळाला हात लावला. "रूप गेलं. आता ही नुसती चांदी. वजनाच्या भावाने घेईन."

"कुंकू पुसून वजन करा हो," मी म्हटलं. कुठे गप्प बसावं, तेही अजून शिकायचं होतं.

भाऊंनी चष्मा काढला. हातमोजे घातलेच नाहीत. एक रुपया सरळ मुठीत घेतला आणि अंगठ्याने चोळत बसले. मग सराफाला म्हणाले, "विकायचं नाही. लाँग टर्म." तो हात झटकत निघून गेला.

आता माझी पाळी, हे मी ओळखलं. तरी जीभ रेटून विचारलं, "भाऊ, कौलांचं काय?"

कौलांचं त्यांच्या कानावरच गेलं नाही. म्हणाले, "शारदा दर धनतेरसला चिंच भिजवायची आणि मी ओरडून फेकायला लावायचो. उरलीय का थोडी, वहिनी? कपाटात अजून एक डबा आहे."