भिंतीपलीकडचे नारायण भाऊजी

आमचे नारायण भाऊजी कुठल्याही वस्तूला आधी उलटा हात लावतात. दाराची कडी, नळ, सायकलचं हँडल, सगळ्याला आधी बोटांची मागची बाजू. एकदा आमच्याकडे सत्यनारायणाला आले, तर प्रसादाच्या वाटीलाही तसंच. मी म्हटलं, "भाऊजी, शिरा आहे तो. करंट नाही त्यात."

"वाटी स्टीलची हाय, वयनी. तळव्यानं धरली न् करंट असला तर मूठ मिटते, मग सुटत नाय. उलटा हात झटक्यासरशी मागं येतो."

एवढं सांगून शिरा खाल्ला, वर आणखी मागितलासुद्धा.

रोह्याला आमच्या चाळीत त्यांच्या आणि आमच्या खोलीत एकच भिंत. ते धाटावला एका कंपनीत इलेक्ट्रिशियन होते, एकटेच राहायचे. मूळचे पेणच्या खाडीकडले, बाप मिठागरात राबलेला. चाळीमागे अर्थिंगचा खड्डा त्यांनीच खणला. त्यात कोळसा आणि मीठ घालतात म्हणे. तर बाजारातलं मीठ त्यांना चालेना, पेणहून गोणी आणली. "आमच्या खाडीचं मीठ हाय. वीज मुकाट जमिनीत जाते." खड्डा कोरडा पडला तर उपयोग नाही, म्हणून उन्हाळाभर रोज त्यात कळशीभर पाणी. मी तुळशीला घालायची, ते खड्ड्याला. चाळीतल्या बायका म्हणत, "प्रदक्षिणा तेवढी राहिली ओ भाऊजी."

काम करायचं तर मेन बंद, आणि फ्यूज काढून शर्टाच्या खिशात. कुणी चुकून चालू करायला नको. एकदा खिशातला फ्यूज घेऊन तसेच शिफ्टला गेले, आणि अख्खी चाळ दिवसभर पुठ्ठ्याने वारा घेत बसली. संध्याकाळी मी चार शब्द सुनावले, तर म्हणाले, "घामानं कोण मेलंय का, वयनी?"

माझ्या मोरीतला गीझरही त्यांनीच बसवला. आतला थर्मोस्टॅट मला उघडून दाखवला. पाणी तापलं की हा वीज तोडतो, निवलं की जोडतो, आणि तोडताना टक असा आवाज होतो. तेव्हापासून ते भिंतीपलीकडून ती टक ऐकत बसायचे. "आज सातला टक वाजली, वयनी. काल पावणेसातला वाजलेली." आणि आमच्याकडे कुणीही आंघोळीला गेलं की पलीकडून हाक यायची, "हाय का?" आतून "हाय" म्हणावंच लागे. आमचे हे चिडायचे. "आंघोळीची पण हजेरी द्यायची का याला?" म्हणायचे, पण द्यायचे.

मग माझी शैला पहिल्या बाळंतपणाला आली, बाळ झालं, आणि नेमका तेव्हाच थर्मोस्टॅट बिघडला. पाणी कोमट झालं की लगेच टक. आता बाळंतिणीला अंग शेकून निघेल असं कढत पाणी नको का? भाऊजी म्हणाले, "नवीन पार्ट पनवेलहून येईल, चार दिवस लागतील. तोवर चुलीवर तापवा." मी तीन बाळंतपणं निभावलेली बाई, मला कुठला दम. ते शिफ्टला गेलेले बघून मी बाजारातल्या एका वायरमनला बोलावलं. त्याने थर्मोस्टॅट काढून टाकला, दोन वायरी एकमेकींना जोडल्या आणि म्हणाला, "डायरेक्ट केलं, मावशी. आता पाहिजे तेवढं उकळा." दहा मिनिटांचं काम. मी खूश. भाऊजींना सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी शैला अंगाला तेल लावून मोरीत गेली. मी बाळाला मांडीवर घेऊन धुरी देत होते. गीझर नेहमीपेक्षा जास्त घुरघुरत होता, मला वाटलं, छान तापतोय. तेवढ्यात भिंतीपलीकडे स्टूल पडल्याचा आवाज आला आणि भाऊजी तसेच गॅलरीतल्या मेनकडे धावले. खाटकन दिवे गेले.

"शैला, हाय का गो?"

उत्तर नाही.

ते दारात आले. अंगात गंजी, अर्ध्या गालाला साबण, मुठीत फ्यूज. पुन्हा हाक मारली. माझ्या मांडीवरचं बाळ मला एकदम जड लागायला लागलं. मी मोरीच्या दाराकडे बघत राहिले.

"हाय ओ काका," आतून आवाज आला. "शिकेकाई होती तोंडावर. दिवे का घालवलेत?"

भाऊजी उंबऱ्यावरच बसले. "टक वाजली नाय, वयनी," एवढंच म्हणाले.

मग त्यांनी गीझरचं झाकण उघडलं. अर्थिंगच्या खड्ड्याकडे जाणारी तिसरी वायर त्या वायरमनने जोडलीच नव्हती, नुसती लोंबत होती. नळात करंट उतरला नव्हता, ते आमचं नशीब. मी रडायला लागले. म्हटलं, "बोला मला काय ते."

त्यांनी झाकण परत लावलं. मग म्हणाले, "मी पण डायरेक्टच केलेला, वयनी. कासूला, गावच्या आमच्या घरी. उद्या नवा बसवतो असं वनिताला सांगितलं, न् सकाळची गाडी धरून कंपनीत आलो. दुपारी गेटवर माणूस आला सांगायला."

वनिता म्हणजे त्यांची बायको. इतक्या वर्षांत हे नाव आम्ही प्रथमच ऐकलं.

चार दिवसांनी पनवेलहून थर्मोस्टॅट आला. त्यांनी तो बसवला, तिसरी वायर घट्ट आवळली, दोनदा तपासली, आणि शैलाची आंघोळ होईपर्यंत मेनवर हात ठेवून गॅलरीत उभे राहिले. ती सासरी जाईपर्यंत रोज. शिफ्ट असली तर तिची आंघोळ थांबायची.

आता शैलाचा मुलगा कॉलेजात आहे. आमचे हे गेले. भिंतीच्या अलीकडे मी, पलीकडे भाऊजी. चाळीतले सगळे गीझर त्यांनी जोडलेत, पण स्वतःकडे नाही. अजून स्टोव्हवर पातेलं ठेवतात. परवा सकाळी पलीकडे तांब्या-बादलीचा आवाज चालू होता, आणि मला आपलं सहज सुचलं. म्हटलं, "हाय का ओ, भाऊजी?"

पाण्याचा आवाज थांबला. मी घाबरून उठलेच होते.

"हाय, वयनी."

तेव्हापासून आंघोळीला जाण्याआधी ते भिंतीवर उलट्या हाताने दोनदा ठोकतात. मग मी गॅस बारीक करते आणि विचारते.