सतरा जिवंत माणसांचे फोटो

योजना आखावी तर मीच! आमच्या बेली नोस गावात सतरा माणसं राहतात आणि त्यातल्या सोळा जणांना हे मान्य आहे. सोळांत मीही आलो. सतरावी माझी बायको, झ्लातका.

गावात समुद्र तेवढा शाबूत आहे. धक्का अर्धा पाण्यात गेलाय, शाळेला कुलूप, आणि माझ्या दोन्ही बाजूंच्या घरांतली माणसं जर्मनीत. अशात जिल्ह्याच्या कचेरीने गाव सुधारायची योजना आणली. नवा धक्का, पाहुण्यांसाठी खोल्या, रोजची बस. अट एकच होती. इथे माणसं राहतात आणि त्यांना हे सगळं हवंय, असं शनिवारी तपासणीला येणाऱ्या बाईंना दिसलं पाहिजे. नाही दिसलं, तर आठवड्यातून दोनदा येणारी बससुद्धा बंद.

"बस गेली की मीही गेले. प्लोवदिवला, मुलीकडे," झ्लातका म्हणाली.

मी हसण्यावारी नेलं. पण लग्नाच्या एकेचाळीस वर्षांत मी साधं अंडं उकडलेलं नाही. आणि खरं सांगायचं तर तिच्याशिवाय त्या घरात मला एक संध्याकाळही नको होती.

इतर गावं सह्यांचे कागद देतात. मी म्हटलं, सह्या काय, कुणीही ठोकतो. आपण चेहरे दाखवू! प्रत्येकाच्या दारावर त्याचा फोटो, नाव, वय आणि खाली ठसठशीत एक ओळ: 'मी हे गाव सोडून जाणार नाही.'

चांगलासा फोटो द्या म्हटल्यावर प्रत्येकाने कपाटातून लगेच काढून दिला. आमच्याकडे साठी उलटली की एक चांगला फोटो बाजूला काढून ठेवतातच. कशासाठी, ते त्या वेळी माझ्या डोक्यात आलं नाही.

शहरात छपाईचं दुकान एकच, गांचोचं. त्याने गठ्ठा चाळला.

"सगळेच?" त्याने विचारलं.

"सगळे. एकजात."

"तुझाही आहे यात."

"मग! मी मागे राहीन होय?"

गांचोने माझा हात दोन्ही हातांत धरला आणि बराच वेळ सोडला नाही. गावाच्या विकासाबद्दल इतकी आपुलकी पाहून मलाही भरून आलं.

कागद झोकात आले होते, काळ्या जाड चौकटीत. मला त्यात काही वावगं वाटलं नाही. आमच्याकडे माणूस गेलं की असाच कागद दारावर लावतात, मग चाळिसाव्या दिवशी, मग दरवर्षी. जन्मभर तेच पाहिलेलं, त्यामुळे उलट ओळखीचं वाटलं. गुरुवारी पहाटे ते प्रत्येकाच्या दारावर लावले आणि सतरांचा दुसरा संच बसथांब्यावर. पानायोतकाका, आमचे सगळ्यात जुने कोळी, स्वतःच्या दारासमोर उभे राहून म्हणाले, "फोटो बरा आलाय." त्यांनाही काही खटकलं नाही.

खटकलं ते दहाच्या बसच्या ड्रायव्हरला. त्याने टोपी काढली, थांब्यावरचे सतरा चेहरे वाचले आणि परतीच्या वाटेवर सात गावांना बातमी दिली. कुणीतरी फोटो काढून पुढे धाडला. दुपारी केरानाआजीचा फोन वाजला. जर्मनीतून तिची मुलगी रुम्याना.

"कोण बोलतंय?"

"मीच."

"आई? तू कशी बोलतेस?"

"तोंडाने," केरानाआजी म्हणाली. पलीकडे फोन पडल्याचा आवाज आला.

मग गावातले सगळे फोन एकदम सुरू झाले. पण निम्म्यांना ऐकू येत नाही, तर निम्मे माळ्यावर सुकवलेल्या माशांपाशी; उचलणार कोण? शनिवारी सकाळी गाड्यांची रांग लागली. मुलं, सुना, भाचे, आणि मेलेल्याच्या नावाने वाटतात त्या उकडलेल्या गव्हाची पातेली. शेजारच्या गावचे धर्मगुरू सतरा जणांना एकट्याने पोचवणं जमायचं नाही म्हणून आणखी दोघांना घेऊन आले. नऊ वर्षं न फिरकलेली रुम्याना आईच्या गळ्यात पडून रडली, मग तिच्यावरच ओरडली. आमची प्लोवदिवची लेकही आली. तिने आधी आईला मिठी मारली, मग माझ्याशी तासभर अबोला धरला. पण आणलेलं अन्न टाकायचं कुठे? बाराच्या सुमाराला अर्ध्या धक्क्यावर पंगत बसली होती आणि रकिया दारूच्या बाटल्या फिरत होत्या.

तेवढ्यात तपासणीच्या वेलिकोवाबाई आल्या. हातात चार फुलं. समसंख्येने फुलं आमच्याकडे मेलेल्यालाच नेतात. मी पुढे होऊन सगळं समजावलं. त्यांनी फुलं हळूच पाठीमागे नेली.

"स्तामेनराव, इथे लोक येतील का, हे मला पाहायचं होतं. मी त्र्याहत्तर मोजले."

"म्हणजे योजना मंजूर?"

"ते कशासाठी आले, तेही लिहावं लागतं," बाई म्हणाल्या.

महिन्याने पत्र आलं. पहिल्या टप्प्यात स्मशानभूमीशेजारी चाळीस गाड्यांसाठी जागा. धक्का, खोल्या नंतर कधीतरी. बस मात्र चालू राहणार, रोज, थेट स्मशानाच्या फाटकापर्यंत!

मी पत्र झ्लातकापुढे नाचवलं. तिने ते दोनदा वाचलं आणि राहते म्हणाली. मला इतका आनंद झाला की मी अंडं उकडायला ठेवलं.

"स्तामेन," ती चष्मा पुसत म्हणाली, "यात बस जायची वेळ दिलीय. परतीची दिलेली नाही."