रुस्तमची मिठाची गुळणी

"तुम्ही तोफीकभाऊंना काय सांगून आलात?" गुलालाने चहाचा पेला नवऱ्यापुढे आदळला.

"एवढंच, की आपल्या पिंजऱ्यातल्या चकोरानं, रुस्तमनं, साद घातली की डोंगरभरचे चकोर भांडायला धावून येतात. आज रात्री तुम्हाला चकोर-भात घालतो म्हटलं," खसरो म्हणाला.

"अहो, आणल्यापासून त्यानं कधी चूं तरी केलंय का?"

"डोंगर दिसू दे, मग बघ त्याचा गळा!"

गुलालाने कपाळाला हात लावला. तोफीक म्हणजे रानिया गावातला गाणारे चकोर पाळणारा नावाजलेला चकोरवाला. त्याची मुलगी शिलान हिच्यासाठी यांचा मुलगा हेमिन कधीपासून झुरत होता. आणि तोफीकने तर भर चहाखान्यात जाहीर केलं होतं, की ज्या घरच्या चकोराला आवाज नाही त्या घरात माझी मुलगी जाणार नाही. आज जेवायला येऊन तो शेवटचा शब्द देणार होता.

खसरोने पिंजरा पाठीला बांधला, बंदूक घेतली आणि डोंगर गाठला. पिंजरा खडकावर ठेवून तो दगडांच्या आडोशाला दबा धरून बसला. रुस्तमने मिठाची गुळणी धरली होती. खसरोने त्याला चुचकारलं, शिव्या दिल्या, "लेका, माझ्या पोराच्या लग्नाचा प्रश्न आहे रे!" म्हणून हात जोडले. रुस्तम पिसं फुगवून ढिम्म बसून राहिला. शेवटी खसरोने इकडेतिकडे पाहिलं, तोंडाशी हात धरला आणि स्वतःच ओरडला, "चक्-चक्-चकर!"

पलीकडच्या झुडपातून लगेच उत्तर आलं.

खसरोचा जीव भांड्यात पडला. तो पुन्हा ओरडला, तेव्हा उत्तर आणखी जवळून आलं. आवाज जरा घोगरा होता, पण डोंगरावरच्या गारठ्यात बसला असेल बिचाऱ्याचा घसा! खसरो बंदूक सरसावून रांगत निघाला. झुडूप हललं आणि त्यातून एक फेटा वर आला.

"अरे, घालशील गोळी! मी आहे, मी!"

तोफीक! एका हातात बंदूक, दुसऱ्या हातात पिंजरा.

"तुम्ही... ओरडत होतात?"

"माझा सुलतान कधीचा गप्प आहे रे," तोफीकने मान खाली घातली. "म्हटलं, तुझ्याकडे रिकाम्या हातानं कसं यायचं?"

"मग चहाखान्यात तुमचा सुलतान गातो तो?"

"पडद्यामागून मीच."

दोघं पोट धरधरून हसले. तोफीकने आपला पिंजरा रुस्तमच्या शेजारी टेकवला आणि तंबाखूची डबी काढली.

"चक्-चक्-चकर!"

"आता कशाला ओरडतोस?" तोफीक दचकला.

"मी कुठे? मला वाटलं तुम्हीच!"

दोघं वळले. सुलतान छाती काढून खणखणीत गात होता. रुस्तम लाजल्यासारखा बाजूला सरकला, तर त्याच्या खाली एक अंडं!

तोफीकने वाकून रुस्तमचे पाय निरखले. "नराच्या पायामागचा काटा कुठाय? गाढवा, ही मादी आहे!"

खसरोचं तोंड एवढंसं झालं. "म्हणजे आवाज नाहीच. आता माझ्या हेमिनचं काय?"

तोफीकने गाणाऱ्या सुलतानकडे बोट दाखवलं.

"हा आता हिला सोडून हलायचा नाही," तो म्हणाला. "राहू दे तुझ्याकडेच. झाला ना तुझ्या घरच्या चकोराला आवाज? अट पुरी."

खसरोच्या डोळ्यांत पाणी आलं. त्याने व्याह्यांना कडकडून मिठी मारली, आणि मग त्याला गुलालाची आठवण झाली.

"पण रात्री भातावर काय वाढू? हे अंडंच तळू का?"

"खबरदार!" तोफीकने पिंजऱ्यातून अंडं काढून छातीशी धरलं. "माझ्या पहिल्या नातवंडाला हात लावशील तर!"