अंबादास मास्तरांची दीड इंची फौज

अंबादास मास्तरांची आणि माझी पहिली भेट झाली तेव्हा त्यांनी माझं नाव विचारलं नाही. एक डोळा मिटला, अंगठा आणि तर्जनी माझ्या दिशेनं धरून त्या फटीत मला नीट बसवलं आणि म्हणाले, "दीड इंचात छान बसताय की. नाक तेवढं तासावं लागंल."

माझ्या एका हातात वळकटी होती, दुसऱ्या हातात स्टोव्ह. साल चौऱ्याहत्तर असावं. बँकेनं मोहोळहून माझी सोलापूरला बदली केली होती आणि मास्तरांच्या घराची वरची खोली मी घेतली होती. नळाला पाणी कधी येतं, दार किती वाजता बंद होतं, असलं काहीतरी घरमालक सांगेल अशी माझी समजूत. नाकाचा विषय निघेल असं वाटलं नव्हतं.

मास्तर म्हणजे शाळेतले नव्हेत. चादरीच्या कारखान्यातले डिझाईन मास्तर. चादरीवर जो मोर तुम्ही अंगावर घेऊन झोपता, तो आधी कोणीतरी कागदावर एकेक बारीक चौकोन भरून काढलेला असतो. मास्तर तीस वर्षं तेच करत होते. दिवसभर चौकोन भरलेला माणूस घरी आल्यावर चौकोनाचं तोंड बघणार नाही असं तुम्हाला वाटेल. मास्तर हातपाय धुऊन, चहा घेऊन, पुन्हा चौकोनांतच शिरायचे.

बाहेरच्या खोलीत दोन टेबलं जोडून त्यांनी रणांगण केलं होतं. इंचाइंचाचे चौकोन आखलेले, त्यावर डोंगर, जंगल, नदी आणि एक किल्ला. पाहुण्याला बसायला जागा उरली नव्हती. खिडकीकडे अंजनगडची माणसांची फौज, दाराकडे काळदरीचे राक्षस. यातलं एकही राज्य इतिहासात नाही आणि पुराणातही नाही. मी तसं म्हणालो तेव्हा मास्तरांनी माझी कीव केली.

"इतिहासात कोण जिंकलं ते आदीच ठरलंय की, देशमाने. मग खेळायचं कशाला?"

बाजारातली एकही वस्तू त्या टेबलावर नव्हती. चिंचोक्याची खळ, जी सुताला लावतात, तिच्यात कागदाचा लगदा मळून सैनिक घडायचे. हाडं मागाच्या तुटक्या तारेची. गोणपाट खळीत बुडवून वाळवला की डोंगर, रंगवलेला टाकाऊ कापूस म्हणजे जंगल, आणि जोंधळ्याच्या धाटातला पांढरा गाभा कापून किल्ल्याची तटबंदी. भुईमुगाची टरफलं मी टाकायला निघालो की मास्तर हात पुढे करायचे.

आणि रंग! कारखान्यातले उरलेले रंग डिंकात कालवून, खारीच्या शेपटीच्या तीन केसांच्या कुंचल्यानं ते सैनिकाचे डोळे काढायचे. दीड इंचाच्या माणसाचे डोळे, त्यात बुबुळ. चष्मा नाही, काही नाही. एकदा त्यांनी मला एका शिपायाची मिशी दाखवली, तर तिला पीळ होता. मी तोंडभर कौतुक केलं. मास्तर छातीवर हात ठेवून म्हणाले, "नजर हाय तोवर मास्तर. नजर गेली की नुसता अंबादास." हे वाक्य ते दिवसातून एकदा तरी म्हणायचेच.

माझाही पुतळा झाला. मला वाटलं, सरदार करतील. त्यांनी मला तटावर नगारा वाजवायला उभा केला. आमच्या बँकेच्या मॅनेजरांना मात्र वेताळाची नेमणूक मिळाली, ती मला पटली.

आता राहिला प्रश्न, काळदरीच्या बाजूनं लढायचं कोण. मला महिनाभर वाटत होतं की मास्तरांच्या पत्नी नरसक्का या सगळ्या पसाऱ्यावर वैतागलेल्या असणार. टेबलाच्या त्या टोकाला मांडीवर सूप घेऊन त्या बिड्या वळत बसायच्या आणि मान वर न करता पुटपुटायच्या. एका रविवारी मी नीट ऐकलं. त्या म्हणत होत्या, "येवंडी, वेताळ पाच घर पुढं. नदीतनं." त्यांची घरची भाषा तेलुगू, आणि तेलुगूत नवऱ्याला नावानं हाक मारत नाहीत, 'येवंडी' म्हणतात. मग सुपातल्या सहा कवड्या उचलून त्यांनी टेबलावर टाकल्या, उताण्या पडलेल्या मोजल्या आणि मास्तरांचे तीन भालाईत उचलून बाजूला ठेवले. पुन्हा बिडी हातात.

"लई निर्दयी बाई हाय," मास्तर अभिमानानं म्हणाले. एक लढाई चार-पाच महिने चालायची आणि बहुतेक अक्काच जिंकायच्या.

मास्तरांच्या आयुष्यात एकच गोष्ट अडून राहिली होती. दिवाळीत पेठेतलं मंडळ किल्ल्यांची स्पर्धा घ्यायचं. परीक्षक घरोघर फिरायचे. मास्तर अकरा वर्षं त्यात उतरत होते आणि अकरा वर्षं बाद होत होते, कारण परीक्षक दारातूनच विचारायचे, "महाराज कुठं आहेत?" महाराजांशिवाय किल्ला ही कल्पनाच त्यांना झेपत नव्हती. पहिल्या नंबराचा तो वीतभर पितळी कप मास्तरांना हवा होता. इतका की त्यासाठी भिंतीवर खिळा ठोकून फळी आधीच लावून ठेवली होती. फळीवर अकरा वर्षं काही नव्हतं.

हा अन्याय मला सहन होईना. मी मंडळाच्या बैठकीला गेलो, बँकेतला माणूस म्हणून दोन शब्द जास्तच जोरात बोललो, आणि त्या वर्षीपासून 'काल्पनिक किल्ला' असा वेगळा गट करून घेतला. त्या गटात मास्तरांसमोर उभं राहील असं पेठेत कोणी नव्हतं. मी घरी येऊन सांगितलं तेव्हा मास्तरांनी फळी फडक्यानं पुसली.

आणि नेमकं त्याच वर्षी, गणपतीनंतर, त्यांनी राक्षस बिघडवायला घेतले.

दुसरा शब्द नाही. दीड इंचाचे राक्षस तीन इंचाचे झाले. बारीक डोळे गेले, मिशा गेल्या. एकाच्या पाठीवर भुईमुगाची टरफलं, एकाला नुसती वाळू फासलेली, एकाच्या अंगाला सुतळी गुंडाळलेली. कहर म्हणजे सगळ्या मैदानावर, प्रत्येक चौकोनाच्या कडेनं, त्यांनी जाड सूत चिकटवलं. इतकं देखणं रणांगण, त्यावर बाजेसारखी वीण दिसायला लागली.

"मास्तर, हे काय?"

"राक्षस वाढतात," ते ठामपणे म्हणाले.

"निदान स्पर्धेपुरते तरी जुने मांडा."

"लढाई चालू हाय. मदेच फौज बदलायची? हे काय इलेक्शन हाय?"

मी तर्क केला आणि तो मला फार हुशारीचा वाटला. मास्तरांची नजर गेली होती आणि स्वाभिमानापायी ते बोलत नव्हते. मी बाजारातून एक चांगलं भिंग आणून गुपचूप त्यांच्या रंगांशेजारी ठेवलं. मास्तरांनी भिंगाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि ते खिशात घातलं. ओळख झाल्यापासून पहिल्यांदाच त्यांनी उलट उत्तर दिलं नव्हतं. माझी खात्रीच पटली.

पाडव्याच्या दुपारी परीक्षक आले. एक ड्रॉइंग मास्तर, एक मंडळाचे अध्यक्ष आणि तिसरे बिडी कारखान्याचे मुनीम, ज्यांच्याकडून पेठेतल्या निम्म्या बायका पानं-तंबाखू आणायच्या. नरसक्काही त्यांच्याकडूनच आणायच्या. त्या आतल्या दाराला टेकून उभ्या होत्या.

ड्रॉइंग मास्तरांनी किल्ला पाहिला, मान डोलावली. मग राक्षसांकडे वळले आणि हळहळले. "हे तुम्ही केलंत? माप नाही, रंग फासलेत. आणि हे सूत कशाला? काय झालं मास्तर, हात गेला?"

मुनीम हसले. मी खाली बघितलं. मास्तर मात्र ताठ उभे होते, अंजनगडच्या सेनापतीसारखे.

"हात शाबूत हाय," ते खणखणीत म्हणाले. "नजर गेली माजी. बारीक दिसत न्हाय आता."

डिझाईन मास्तरानं चारचौघांत असं बोलणं म्हणजे काय, ते पेठेतल्या प्रत्येकाला कळत होतं. परीक्षक वहीत आकडा लिहून निघाले. कप समोरच्या गल्लीतल्या एका साइनबोर्ड पेंटरला गेला.

तासाभरानं मी तावातावानं खाली उतरलो. दार उघडंच होतं. दोघं टेबलाच्या दोन बाजूंना बसली होती. नरसक्कांचे डोळे समोरच्या भिंतीवर होते आणि बोटं टेबलावर. एक बोट जाड सुतावरून घसरत चौकोन मोजत चाललं होतं, एक, दोन, तीन. दुसऱ्या हातानं त्यांनी टरफलांची पाठ चाचपली, हा वेताळ, आणि तो बरोबर तिथे नेऊन ठेवला. कवड्या टाकल्या आणि बोटांनीच उताण्या-पालथ्या ओळखल्या. माझं हुशार डोकं तेव्हा कुठे ताळ्यावर आलं.

"गणपतीपासनं," मास्तर माझ्याकडे न बघता म्हणाले. "डाक्टर म्हनाला, गेली ती नजर परत येनार न्हाय. बिडी काय, हातानं वळती. डोळं कशाला लागतंय? पन त्या मुनीमला कळलं तर उद्या पानं द्यायचा न्हाय."

"पण तुमचं नाव... उद्या कारखान्यात कळेल, मास्तर."

"कळू द्या की. तिचा खेळ थांबला न्हाय पायजे." त्यांनी खिशातून माझं भिंग काढून मला परत दिलं. त्यावर ओरखडाही नव्हता. "आणि आता मास्तर नका म्हनू. नुसता अंबादास."

मी भिंग हातात घेतलं. नरसक्कांचं बोट तोवर तटावर चढलं होतं. एका छोट्या पुतळ्याच्या तोंडावरून ते फिरलं आणि त्या हसल्या.

"हे देशमाने. नाक कळतंय. तासायचं राहिलं की." आणि मला उचलून त्यांनी कैद्यांत टाकलं.

मग हात मांडीवर घेऊन त्या ताठ बसल्या. त्यांनी 'येवंडी' म्हटलं नाही. इतक्या दिवसांत मी त्यांच्या तोंडून जे कधी ऐकलं नव्हतं, ते ऐकलं.

"मास्तर," नरसक्का म्हणाल्या, "तुमचा डाव."