सहाणेवर जुळवलेला फोनो

काटे चुकवत चालणारी माणसं सगळ्याच गावांत असतात. आमच्या अमरावतीच्या आळीत मात्र काटे गोळा करून आणणारा एक माणूस होता, आणि तो भिक्षुक होता. नांदगाव खंडेश्वराकडच्या एखाद्या खेड्यात सत्यनारायण सांगून दिगूकाका मोटारीतून उतरले की त्यांच्या एका हातात शिध्याची पिशवी असे आणि दुसऱ्या हातात कागदाच्या पुडीत बांधलेले बाभळीचे काटे. यजमानांनी दक्षिणा काय दिली हे ते कधी सांगत नसत. काट्यांचं कौतुक मात्र मला हाक मारून दारातूनच सुरू होई. "मास्तर, टोक पाहा याचं. आपल्या इकडच्या बाभळीले असा काटा येतच नाही."

हे काटे त्यांच्या फोनोसाठी असत.

फोनो म्हणजे ग्रामोफोन, चावीचा होता. झाकण लावलं की सुटकेससारखा हातात धरून नेता येई. अकोल्याला कुणाच्या मुंजीला गेले असताना काकांनी तो जुन्या बाजारातून उचलला. कडी मोडकी, म्हणून पेटी सुतळीने बांधलेली. ती काळी पेटी घेऊन काका आळीत शिरले तेव्हा त्यांनी औषधं द्यायला सुरुवात केली असं वाटून समोरच्या म्हाताऱ्या नानीबाई दुसऱ्याच दिवशी गुडघा घेऊन हजर झाल्या. काकांनी त्यांना बसवून घेतलं, चावी दिली आणि पेटीतून एका बाईचा असा काही कण्हण्याचा आवाज काढला की नानीबाई गुडघा विसरून घरी गेल्या.

आम्ही अंगणापलीकडच्या दोन खोल्यांत राहायला आलो त्याच्या आधीच काकू वारल्या होत्या. मूलबाळ नव्हतं. दिवसभर दुसऱ्यांच्या घरी मोठमोठ्याने बोलायचं आणि आपल्या घरी आल्यावर बोलायला कुणी नाही, असा त्यांचा संसार. आमच्या हिला तर वाटे, बोलायला कुणीतरी हवं म्हणूनच त्यांनी हे दुखणं विकत आणलं. मला तेही पटत नसे. मला वाटे, माणूस मुळात चक्रम असावा.

कारण दुरुस्तीची त्यांची तऱ्हाच तशी होती. आतली स्प्रिंग लवकरच तुटली. ती त्यांनी चुलीत तापवून, भोक पाडून, खिळा ठोकून जोडली. इथवर ठीक होतं. पण स्प्रिंगला वंगण लागतं असं मी म्हटलं, तर बाजारातलं वंगण कशाकशाच्या चरबीचं असेल या शंकेने त्यांनी यंत्राला साजूक तूप घातलं. आठवडाभर यंत्र छान फिरलं. मग मुंग्या आल्या. त्या आवाज येतो त्याच भोकातून रांगेने आत जात आणि दुसरीकडून बाहेर पडत. पुढे थंडी पडली, तूप थिजलं, आणि गाणारी बाई पहिल्याच ओळीत जिथे अडकली ती दिवाळी उलटेपर्यंत तिथेच होती. शेवटी आमच्या हिने शिलाईच्या मशीनचं तेल दिलं, ते चरबीचं नाही अशी शपथ घेऊन.

रेकॉर्ड त्यांच्याकडे एकच होती. कृष्णाला पहाटे जागं करायचं एक गाणं होतं त्यावर. तिची दुसरी प्रत त्यांनी अकोल्यात शोधली, नागपूरला कुणी गेलं की त्याला सांगितलं, कुठेच मिळाली नाही. पोलादी पिनेने रेकॉर्ड खरवडली जाते आणि खरखर वाढत जाते हे कळल्यापासून त्यांनी पिना टाकून दिल्या आणि काटे धरले. काट्याने आवाज जरा दबका येई, पण रेकॉर्ड जपली जाई. तरी ती झिजतच होती. काकांना ते दिसत होतं. फोनो बरोबर लागायच्या आधी रेकॉर्ड संपू नये, एवढीच त्यांची सगळी धडपड होती.

आता फोनो बरोबर लागणं म्हणजे काय, ते आम्हाला कळत नव्हतं. स्प्रिंग जोडली होती, गाणं वाजत होतं. पण काका रोज सकाळी पूजेच्या आधी पेटी उघडत आणि शेजारी सहाण मांडून बसत. गाणं लावलं की डोळे मिटून ते सहाणेवर चंदनाचं खोड फिरवायला लागत. दोन ओळी झाल्या की हात थांबे. मग पेटीतला गती कमीजास्त करायचा पेच केसभर फिरवायचा, नवा काटा लावायचा, पुन्हा गाणं, पुन्हा गंध. यंत्राला पेचकस लागतो, तेल लागतं, हे मी समजू शकत होतो. चंदन कशाला लागतं हे विचारलं तर उत्तर ठरलेलं. "हात बसून नाही राहिला अजून."

हे उत्तर आळीत इतकं प्रसिद्ध झालं की कुणाची भाकरी करपली तरी हात बसून नाही राहिला म्हणत.

खरं सांगायचं तर फोनो बिघडत चालला होता. काका पेच फिरवत ते गाणं मंद करायलाच. बाई रोज थोडी रेंगाळे, आवाज घोगरा होई. रोज सकाळी कृष्णाला जागं करायला बसलेली ती बाई स्वतःच पेंगते आहे असं वाटे. माझं डोकं उठायचं. म्हणून माझा मेव्हणा वसंता अकोल्याहून आला तेव्हा मी त्याला ओढतच काकांकडे नेलं. त्याचं घड्याळदुरुस्तीचं दुकान, फोनोही करायचा. त्याने रेकॉर्डखाली कागदाचा कपटा खोचला, घड्याळ हातात धरून फेरे मोजले, पेच फिरवला आणि काम झालं. गाणं लावलं. काय गोड आवाज होता त्या बाईचा! नानीबाई दारात येऊन उभ्या राहिल्या.

काकांनी खोड हातात घेतलं, फिरवलं, आणि खाली ठेवलं. बाई फार सुंदर म्हणते, म्हणाले. वसंताला त्यांनी आग्रह करून जेवायला ठेवून घेतलं, स्वतः वरण-भात रांधून वाढला. वसंता खूश होऊन अकोल्याला गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाई पुन्हा पेंगत होती.

आता मात्र मला राग आला. मी तसाच अंगण ओलांडून गेलो. दाराशी काकांची पिशवी भरून ठेवलेली होती. चांदूर रेल्वेला वास्तुशांत होती, त्यांना सकाळच्या गाडीने निघायचं होतं. मी म्हटलं, काका, त्या पोराने एवढं नीट लावून दिलं, ते तुम्ही कशासाठी बिघडवलं?

ते रागावले नाहीत. म्हणाले, "वसंतानं बरोबरच लावलं होतं, मास्तर. ही रेकॉर्डवाली बाईच घाईत हाय."

मग खोड हातात तसंच धरून ते बोलले, खाली बघत. "आमची ही म्हने हे गाणं. तिकडं ओसरीवर वाती वळत बसे अन् म्हने. मी इथं गंध उगाळो. चाल मले आठवते, शब्द आठवतेत. तिचा आवाज नाही आठवत. गेला. किती आठवला तरी येत नाही. पण या हाताले माहीत हाय, तिच्या म्हनन्याच्या ठेक्यावरच फिरे हा. आवाज जाड होता तिचा, अन् फार सावकाश म्हने. मी रोज खेकसो तिच्यावर, आटप वं, गाडी चुकते माही. पेच कमी केला का ही बाई जाड होत जाते. जवळ येते. हात बसला का समजायचं, आली."

इतके दिवस ज्या आवाजाने माझं डोकं उठत होतं, तो कुणाचा होता हे मला आज कळत होतं. फार वाईट वाटलं. मी तिथेच भिंतीशी बसलो.

काकांनी पेच अगदी किंचित फिरवला. पुडीतला नवा काटा निवडून लावला, चावी दिली. खरखरीतून आवाज आला, जाड, सावकाश, घरातल्या बाईचा असावा तसा. काकांचा हात सहाणेवर फिरायला लागला. पहिली ओळ झाली, दुसरी झाली, हात थांबला नाही. मी त्यांच्याकडे बघत होतो. डोळे मिटलेले, मान जराशी ओसरीकडे कललेली.

दूर स्टेशनात गाडीची शिट्टी झाली. दाराशी पिशवी तशीच होती.

"म्हन वं," काका हळूच म्हणाले. "सावकाश म्हन. मले नाही जायचं कुठी."

गंध सहाणेवरून ओघळून फरशीवर आलं होतं, तरी त्यांचा हात फिरतच होता.