नुसतं तीन

चहाचा पहिला घोट घशाखाली उतरायच्या आत ड्राफ्ट्समनला आठवलं, की हिशेबात माणसं धरायची राहिली.

रॅक सासऱ्यांच्या ट्रेलरचा होता. सासरे वजनमापे निरीक्षक म्हणून निवृत्त झालेले. आयुष्यभर दुकानदारांच्या तराजूंवर संशय घेऊन झाल्यावर त्यांना आता रानोमाळ भटकायचं वेड लागलं होतं. त्यापायी त्यांनी खडकाळ वाटेवर चालणारा जाड टायरांचा ट्रेलर घेतला. त्याच्या टपावर तंबू उघडायचा आणि तो ज्यावर बसतो त्या लोखंडी रॅकचं ड्रॉइंग जावयानं करायचं, असं त्यांनी परस्पर ठरवून टाकलं. "तुम्ही दिवसभर रॅकच काढता ना?" एवढंच ते म्हणाले.

ड्राफ्ट्समन रॅक काढायचा हे खरं, पण फायलींचे. फायलींवर कोणी झोपत नाही, निदान उघडपणे तरी नाही. त्यानं तंबूचं वजन धरलं, गाद्यांचं धरलं, शिडीचंसुद्धा धरलं, आडव्या पट्ट्यांच्या जाडीपुढे '३' लिहिलं आणि कागद वेल्डर मिस्त्रीच्या हाती देऊन मोकळा झाला. काल सकाळी सासरे सहकुटुंब रवाना झाले होते.

त्यानं लगेच बायकोला फोन लावला.

"आईंचं वजन किती आहे गं?"



"काय म्हणालास?"

"साधारण सांग. पाच किलो इकडेतिकडे चालेल."

"पाच किलो इकडे की तिकडे?"

मग त्याला सगळं सांगावंच लागलं. बायको म्हणाली, "माणसं धरायची राहिली म्हणजे? त्या तंबूत काय ठेवणार होतास, फायली? बाबांचं नि तुझं आधीच सूत जुळत नाही, त्यात हे!"

त्यानं पुन्हा गणित मांडलं. दोन माणसं वर चढली तर रॅक वाकणार होता. तिसऱ्या माणसाचं गणित करायचा त्याला धीर झाला नाही. त्यानं देवाचं नाव घेऊन सासऱ्यांना फोन लावला.

"बाबा, आज वर झोपू नका हं."

"झोपतोय कुठे? सकाळपासून पाचही जण वरच बसलोय."

"पा... पाच?"

"खाली उतरायची सोयच राहिली नाही. तुमच्या रॅकबद्दल बोलायचंय, जावईबापू. समक्ष या." आणि त्यांनी फोन ठेवला. पुन्हा उचललाच नाही.

 अर्ध्या दिवसाची रजा टाकून, बायकोला घरून घेऊन ड्राफ्ट्समन निघाला. बायकोनं मांडीवर प्रथमोपचाराची पेटी घट्ट धरली होती. दोन तासांच्या रस्त्यात त्याला पाच माणसांच्या दहा पायांची निरनिराळ्या प्लॅस्टरांतली चित्रं दिसत राहिली.

"आधी मधली पट्टी वाकेल," तो पुटपुटला. "मग डावीकडचा खांब..."

"गप्प बस आणि गाडी चालव."

ओढ्याकाठी ट्रेलर दिसला. टपावर सासरे, सासूबाई, मेहुणा, मेहुण्याची बायको आणि मावशी पत्ते खेळत बसले होते. यांना पाहून मेहुणा हात हलवायला उभा राहिला.

"उठू नकोस!" ड्राफ्ट्समन किंचाळला. "कोणी हलू नका! श्वास हळू घ्या!"

मावशींना एवढं हसू आलं, की त्या गदागदा हलायला लागल्या. ड्राफ्ट्समन डोळे मिटून धावत सुटला. एक बूट चिखलात रुतून राहिला, त्याचं त्याला भानही नव्हतं. शिडीवर चढून त्यानं तंबूखाली डोकं घातलं. पट्टी वाकणं सोडा, साधी कुरकुरतही नव्हती. त्यानं टेप लावून पाहिली, तर जाडी जवळजवळ एक सेंटिमीटर. उंचावर रेंज मिळत होती. त्यानं एका हातानं शिडी धरून मिस्त्रीला स्पीकरवर घेतलं.

"मिस्त्री, पट्टी किती जाडीची लावलीत?"

"तुम्ही लिहिलीत तेवढीच की साहेब. तीन."

"अहो, तीन मिलिमीटर!"

"मिलिमीटर कुठं लिहिलंय? नुसतं तीन आहे. आमच्यात नुसतं तीन म्हणजे तीन सूत. इंचाचे आठ भाग, त्यातले तीन. म्हटलं, साहेबांचा माणसांवर फार जीव दिसतोय."

ड्राफ्ट्समनला रडू आलं. एक चूक त्याची, एक मिस्त्रीची. दोघी वेळेवर एकमेकींना भेटल्या म्हणून पाच माणसं वाचली होती. त्यानं शिडीला कपाळ टेकलं.

"आकड्यापुढे एकक लिहिलं नाहीत?" सासऱ्यांनी हळू आवाजात विचारलं. हाच आवाज ऐकून दुकानदार आपणहोऊन तराजू पुढे करायचे. "जरा खाली बघा."

त्यानं खाली बघितलं. ट्रेलरला चाकं नव्हती. म्हणजे होती, पण आसापर्यंत चिखलात.

"मऊ जमीन आणि तुमचं हे लोखंड," सासरे म्हणाले. "काल दुपारी उभा केला, सकाळी चाकं गायब. मावशी उतरायला गेल्या, त्यांची चप्पल गेली ती गेलीच. तेव्हापासून सगळे वर. क्रेनवाल्याला सांगितलंय, तो काहीतरी विचारतोय. तुम्हीच बोला."

त्यांनी आपला फोन त्याच्या कानाला लावला.

"साहेब, क्रेन जुनी आहे माझी," पलीकडचा म्हणाला. "वजनाचा नक्की आकडा पाहिजे. आणि माणसं धरून की सोडून?"

 सासूबाईंनी हातातले पत्ते पालथे ठेवले आणि जावयाकडे रोखून पाहिलं. काठावरून बायको दोन्ही हातांनी 'नको, नको' अशा खुणा करत होती.

"सांगा, जावईबापू," सासरे म्हणाले. "एकक विसरू नका."

"माणसं सोडून," ड्राफ्ट्समन म्हणाला. आकडा किलोत सांगून त्यानं फोन परत दिला, उरलेला बूट काढला आणि एकेकाला काठावर पोचवायला शिडीखाली पाठ वाकवून उभा राहिला. सगळ्यांत आधी सासूबाई पाठीवर बसल्या.

चार पावलांवर त्याचे पाय गुडघ्यापर्यंत आत गेले.

"जड नाही ना हो मी?" सासूबाईंनी कानाशी विचारलं.

"छे छे, आई."

"तरी किती असेन?"

"तीन," ड्राफ्ट्समन धापा टाकत म्हणाला. या वेळी एकक त्यानं मुद्दाम सांगितलं नाही.